वजनच नाहीसं झालं तर शरीराचं काय होतं? सुनीता विल्यम्स आणि शुभांशू शुक्ला यांच्या उदाहरणातून समजून घ्या

नोव्हेंबर २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स यांचा एक फोटो सोशल मीडियावर जोरात फिरला. फोटोत त्यांचे गाल आत गेलेले दिसत होते, चेहरा ओढलेला वाटत होता. आठ-दहा दिवसांसाठी गेलेल्या सुनीता यानातल्या बिघाडामुळे तिथेच अडकून पडल्या आहेत, हे सगळ्यांना माहीत होतंच. त्यामुळे 'तिथे नीट खायला मिळत नाही', 'वजन धोकादायक घटलंय' असे दावे काही तासांत पसरले.

शेवटी सुनीता यांनी स्टेशनवरूनच खुलासा केला. वजन जेवढं होतं तेवढंच आहे, असं त्यांनी सांगितलं. अंतराळात शरीरातलं पाणी वरच्या भागाकडे सरकतं, शिवाय रोजच्या व्यायामामुळे स्नायूंची ठेवण बदलते, म्हणून आपण वेगळ्या दिसतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुढे त्यांचा मुक्काम २८६ दिवसांचा झाला. १९ मार्च २०२५ च्या पहाटे, भारतीय वेळेनुसार, त्या परतल्या. त्यानंतर काहीच महिन्यांनी शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर १८ दिवस राहून आले. दोन्ही वेळा एकच प्रश्न विचारला गेला: इतके दिवस वजनाशिवाय राहिल्यावर माणसाच्या शरीराचं नेमकं काय होतं?

उत्तर चेहऱ्यापुरतं नाही. हाडं, स्नायू, हृदय, डोळे, रक्त, तोल सांभाळणारा कान, सगळ्यांवर परिणाम होतो. एकेक करून पाहू.

आधी एक गैरसमज दूर करू: तिथे गुरुत्वाकर्षण असतं

अंतराळ स्थानक पृथ्वीपासून साधारण ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. हे अंतर वाटतं तेवढं मोठं नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीहून छत्रपती संभाजीनगरपर्यंतचा चौपदरी हायवे साधारण १९० किलोमीटरचा आहे. गाडीने तिथे जाऊन परत यायचं म्हटलं, तर जेवढं अंतर होतं त्याहून थोडंसं जास्त. फरक एवढाच की हे अंतर सरळ वर आहे.

एवढ्या उंचीवर पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के शिल्लक असतं. समजा ४०० किलोमीटर उंच मनोरा बांधला आणि त्याच्या टोकावर ६० किलो वजनाचा माणूस काट्यावर उभा केला, तर काटा साधारण ५३ किलो दाखवेल. मग अंतराळवीर तरंगतात कसे?

कारण ते सतत पडत असतात.

पावसाळ्यात येडशीजवळचा रामलिंगचा धबधबा पाहिला असेल, तर हे पटकन लक्षात येईल. पाण्यासोबत एखादं पान खाली येतं, तेव्हा पान आणि त्याच्या बाजूचे थेंब एकाच वेगाने पडत असतात. कुणाचाच भार कुणावर नसतो. दोरी तुटलेल्या लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभं असलात तर काटा शून्य दाखवेल, कारण काटाही तुमच्यासोबतच पडतोय.

अंतराळ स्थानक ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने पुढे धावतं आणि त्याच वेळी पृथ्वीकडे पडतही असतं. पण वेग इतका असतो की ते जेवढं खाली येतं, तेवढी पृथ्वीची गोलाई खाली वळलेली असते. त्यामुळे ते जमिनीवर न आदळता सुमारे ९० मिनिटांत एक फेरी पूर्ण करतं. आतली माणसं, पाण्याचे थेंब, चमचे, सगळं सोबतच पडतं. म्हणून सगळं तरंगतं.

शरीराच्या दृष्टीने अर्थ एकच: कुठल्याही हाडावर, सांध्यावर, पायावर भार येत नाही. आणि आपलं शरीर तर जन्मापासून भार पेलण्यासाठीच घडलेलं असतं.

पहिले काही दिवस: मळमळ, चोंदलेलं नाक, सुजलेला चेहरा

कानाच्या आत तोल सांभाळणारा एक छोटासा अवयव असतो. वर कुठे आणि खाली कुठे, हे तो गुरुत्वाकर्षणाच्या आधाराने मेंदूला सांगतो. अंतराळात त्याचे संकेत निरर्थक होतात. डोळे एक सांगतात, कान दुसरं. घाटातल्या वळणांवर एसटीत मळमळतं, त्यामागेही हाच गोंधळ असतो. निम्म्याहून जास्त अंतराळवीरांना सुरुवातीचे दोन-तीन दिवस हा त्रास होतो. नंतर मेंदू कानाचं ऐकणं कमी करतो, डोळ्यांवर विसंबायला शिकतो आणि त्रास थांबतो.

दुसरा बदल पाण्याचा. जमिनीवर आपण उभे असतो तेव्हा रक्त आणि इतर द्रव पायांकडे ओढले जातात. हृदय आणि रक्तवाहिन्या ते वर ढकलायचं काम अखंड करत असतात. अंतराळात खालची ओढ संपते, पण वर ढकलणारी यंत्रणा सुरूच राहते. त्यामुळे एक ते दोन लिटर द्रव पायांतून छाती आणि डोक्याकडे सरकतो. चेहरा सुजतो, नाक चोंदतं, चव नीट कळत नाही आणि पाय काडीसारखे बारीक दिसतात.

वरच्या भागात द्रव वाढला की शरीराला वाटतं, पाणी जास्त झालंय. मग रक्तातला पाण्याचा भागच कमी केला जातो. म्हणजे काही दिवसांतच शरीर कमी रक्तावर चालायला लागतं. तिथे त्याने काही अडत नाही. अडचण परतल्यावर येते.

हाडं: वापर नाही, तर कशाला ठेवायची?

हाड म्हणजे एकदा बांधून झालेली भिंत नव्हे. आपल्या हाडांमध्ये सतत डागडुजी चालू असते. काही पेशी जुनं हाड विरघळवतात, काही पेशी नवीन बांधतात. किती बांधायचं, हे हाडावर पडणाऱ्या भारावरून ठरतं. चालताना, ओझं उचलताना, जिना चढताना हाडाला जो दाब मिळतो, तोच 'बांधकाम चालू ठेवा' हा निरोप असतो.

अंतराळात हा निरोप थांबतो. विरघळवणाऱ्या पेशी मात्र थांबत नाहीत. परिणाम असा की पुरेसा उपाय केला नाही, तर कंबर, खुबा आणि मांडी यांसारख्या भार पेलणाऱ्या हाडांची घनता दर महिन्याला सुमारे १ ते १.५ टक्क्यांनी घटते. पाळी बंद झाल्यानंतर एखाद्या स्त्रीच्या हाडांची जेवढी झीज साधारण वर्षभरात होते, तेवढी तिथे एका महिन्यात होते.

हाडातून सुटलेलं कॅल्शियम रक्तात येतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. त्यामुळे मूतखड्याचा धोका वाढतो. जमिनीपासून ४०० किलोमीटर वर मूतखड्याची कळ उठली तर काय होईल, याची कल्पना ज्यांना तो झालाय त्यांना लगेच येईल.

झीज भरून निघते का? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १७ अंतराळवीरांच्या नडगीची तपासणी झाली. परतून एक वर्ष झाल्यावरही त्यातल्या ९ जणांचं हाड पूर्वीसारखं झालेलं नव्हतं. जे जास्त काळ राहिले होते, त्यांचं नुकसान जास्त होतं.

पाठीचा कणा मात्र उलट वागतो. मणक्यांमधल्या चकत्यांवरचा दाब गेल्यामुळे कणा ताणला जातो आणि उंची ३ टक्क्यांपर्यंत वाढू शकते. १७० सेंटिमीटर उंचीचा माणूस पाच सेंटिमीटर उंच झाला, असं समजा. खूश होण्यासारखं काही नाही, कारण यात पाठ दुखते आणि खाली आल्यावर उंची पुन्हा पहिल्याएवढी होते.

स्नायू आणि हृदय: आराम महागात पडतो

तुम्ही नुसते उभे असलात तरी पोटऱ्या, मांड्या, पाठ आणि मान यांचे स्नायू काम करत असतात. अंतराळात बोटाने भिंतीला हलका धक्का दिला तरी माणूस खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचतो. पायांना काम उरत नाही. तळपायाची जाड कातडी सोलवटून निघते आणि पायाचा वरचा भाग मात्र खरखरीत होतो, कारण अंतराळवीर स्वतःला जागेवर धरून ठेवण्यासाठी पाऊल दांड्याखाली अडकवतात.

हृदय हाही स्नायूच. खालून वर रक्त चढवायचं कष्टाचं काम कमी झालं की तोही आकसतो. अमेरिकेचे स्कॉट केली २०१५-१६ मध्ये सलग ३४० दिवस स्थानकावर होते. या काळात त्यांच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याचं वस्तुमान साधारण १९० ग्रॅमवरून १३९ ग्रॅमपर्यंत उतरलं, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. ते नियमित व्यायाम करत होते, तरीही. दिलासा इतकाच, की लहान झालेलं हृदय आपलं काम व्यवस्थित करत होतं.

डोळे आणि रक्त: उशिरा कळलेले धोके

हाडं आणि स्नायूंचं नुकसान शास्त्रज्ञांना सुरुवातीपासून अपेक्षित होतं. डोळ्यांचं मात्र नव्हतं. दीर्घकाळ राहिलेल्या काही अंतराळवीरांना जवळचं अंधुक दिसायला लागलं. तपासणीत डोळ्यामागच्या नसेच्या तोंडाशी सूज आणि नेत्रगोलाचा मागचा भाग किंचित चपटा झालेला आढळला. २०११ मध्ये सात अंतराळवीरांच्या नोंदींवरून हे सविस्तर मांडलं गेलं. डोक्याकडे सरकलेला द्रव हे यामागचं मुख्य कारण मानलं जातं. स्थानकावर आता डोळे तपासायची यंत्रं असतात आणि अंतराळवीर वेगवेगळ्या नंबरचे चष्मे सोबत नेतात.

रक्ताबद्दलची एक गोष्ट तर एखाद्या वैद्यकीय थरारकथेत शोभेल अशी आहे. मानेतल्या शिरांमधून रक्त कसं वाहतं, याचा अभ्यास चालू असताना एका अंतराळवीराच्या मानेतल्या शिरेत गुठळी सापडली. त्रास काहीच नव्हता, अभ्यास चालू नसता तर ती कळलीही नसती. स्थानकावर रक्त पातळ करणारं इंजेक्शन मोजकंच होतं. पृथ्वीवरच्या डॉक्टरांनी ते पुरवून पुरवून वापरायला सांगितलं आणि पुढच्या मालवाहू यानातून गोळ्या पाठवल्या. अंतराळवीर सुखरूप परतला. त्याचं नाव जाहीर केलेलं नाही.

शिवाय तिथे लाल रक्तपेशी जास्त वेगाने नष्ट होतात. पृथ्वीवर आपलं शरीर दर सेकंदाला सुमारे २० लाख लाल पेशी मोडतं आणि तेवढ्याच नव्या तयार करतं. १४ अंतराळवीरांवरच्या एका अभ्यासात हा आकडा सेकंदाला सुमारे ३० लाख निघाला, आणि सहा महिन्यांच्या मुक्कामात तो तसाच राहिला.

मग उपाय काय? रोज दोन तास घाम

जून १९७० मध्ये सोव्हिएत संघाचे आंद्रियान निकोलायेव आणि विताली सेवास्त्यानोव सोयूझ-९ यानात जवळपास १८ दिवस राहिले. यान अरुंद होतं, व्यायामाला ना जागा, ना पुरेशी साधनं. परतल्यावर दोघांना धड उभंही राहता येईना. पूर्ववत चालायला त्यांना बरेच दिवस लागले.

त्या मोहिमेने डोळे उघडले. आज स्थानकावर प्रत्येकाला दिवसाचे सुमारे दोन तास व्यायामाला द्यावेच लागतात. वजनं उचलून तिथे उपयोग नाही, कारण वजनच नाही. म्हणून निर्वात नळकांड्यांच्या ओढीवर चालणारं यंत्र वापरतात. त्यावर २७० किलोपर्यंतच्या भाराइतका जोर लावता येतो. ट्रेडमिलवर धावताना खांद्याला आणि कमरेला लवचिक पट्टे बांधावे लागतात, नाहीतर पहिल्याच पावलाला माणूस छताकडे निघेल. व्यायामाच्या सायकलला सीट नसते, कारण बसायला भारच नाही. सुनीता विल्यम्स यांनी एप्रिल २००७ मध्ये अशाच ट्रेडमिलवर बोस्टन मॅरेथॉनचं पूर्ण अंतर सुमारे ४ तास २४ मिनिटांत धावून काढलं होतं.

व्यायामाचा फायदा किती, हे वलेरी पोल्याकोव यांच्याकडे पाहून कळतं. पेशाने डॉक्टर असलेले पोल्याकोव १९९४-९५ मध्ये मीर स्थानकावर सलग ४३७ दिवस राहिले. तो विक्रम आजही कायम आहे. उतरल्यावर यानापासून जवळच्या खुर्चीपर्यंतचं थोडंसं अंतर ते उचलून न नेता स्वतःच्या पायांनी चालले. मंगळापर्यंत पोचलेला माणूस तिथे उतरून काम करू शकेल, हे त्यांना दाखवायचं होतं.

व्यायामासोबत ड जीवनसत्त्व, हाडांची झीज रोखणाऱ्या गोळ्या आणि शरीराचा खालचा भाग हवेच्या कमी दाबात ठेवून द्रव पायांकडे ओढणारी रशियन विजार असेही उपाय वापरून पाहिले गेले आहेत.

परतल्यावर मोबाइलही जड वाटतो

शुभांशू शुक्ला २५ जून २०२५ ला निघाले आणि १५ जुलैला कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात उतरले. आल्यावर त्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी बोलक्या आहेत. फोटो काढायला फोन हातात घेतला तर तो भलताच जड वाटला. आणि एकदा पलंगावर बसून काम झाल्यावर त्यांनी लॅपटॉप बाजूला हवेत सोडून दिला. मेंदूला वाटलं, तरंगेल. तो खाली पडला. जमिनीवर गालिचा होता म्हणून बरं.

मेंदूची ही सवय काही दिवसांत जाते. रक्तदाबाचं प्रकरण जास्त नाजूक असतं. शरीरात रक्त कमी झालेलं असतं आणि गुरुत्वाकर्षण ते पुन्हा पायांकडे खेचतं. उभं राहिलं की चक्कर येते. म्हणूनच अंतराळवीर परतीच्या आधी मीठ आणि भरपूर पाणी घेतात, पायांवर घट्ट कपडे घालतात आणि उतरल्यावर त्यांना स्ट्रेचरवरून किंवा खुर्चीत बसवून नेतात. सुनीता यांना स्ट्रेचरवर पाहून अनेकांना काळजी वाटली होती, पण तो ठरलेल्या काळजीचाच भाग होता.

'डीएनए बदलतो' हे खरं का?

स्कॉट केली यांना मार्क नावाचा जुळा भाऊ आहे, तोही अंतराळवीर. स्कॉट वर असताना मार्क खाली होता. दोघांची तुलना करून झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी, २०१८ मध्ये, 'अंतराळात स्कॉटचा ७ टक्के डीएनए बदलला, आता ते जुळे राहिले नाहीत' अशी बातमी जगभर व्हायरल झाली होती.

ती चूक होती. डीएनए तोच राहिला. बदललं ते कोणती जनुकं किती काम करतात याचं प्रमाण. त्यातली ९० टक्क्यांहून जास्त जनुकं परतल्यावर पूर्वीसारखी वागू लागली. ७ टक्के हा आकडा ज्यांचं वागणं सहा महिन्यांनीही पूर्ववत झालं नव्हतं, त्यांचा होता.

याचा आपल्याशी काय संबंध?

पहिला संबंध भारताच्या मोहिमांचा. १९८४ मध्ये राकेश शर्मा सॅल्यूत-७ वर जवळपास आठ दिवस होते आणि त्यांनी तिथे योगासनांचा प्रयोग केला होता. शर्मा आणि शुक्ला दोघंही पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे विद्यार्थी. शुक्ला यांनी सोबत नेलेल्या भारतीय प्रयोगांत बेंगळुरूच्या इनस्टेम संस्थेचा एक प्रयोग होता: वजनरहित अवस्थेत स्नायूंची दुरुस्ती का मंदावते? धारवाडच्या संशोधकांसाठी त्यांनी मूग आणि मेथीला मोडही आणले. गगनयानचा मुक्काम काही दिवसांचा असेल, पण २०३५ पर्यंत भारताचं स्वतःचं अंतराळ स्थानक उभारायचं ठरलंय. तिथे माणसं महिनोन्महिने राहणार असतील, तर हाडांचा आणि डोळ्यांचा प्रश्न आपल्याला सोडवावाच लागेल. मंगळ तर आणखी पुढचा. जायलाच सहा ते नऊ महिने, आणि उतरल्यावर खुर्ची घेऊन उभं राहायला कुणी नाही.

दुसरा संबंध थेट घरातला आहे. अंतराळात काय होतं हे जमिनीवर तपासायचं असेल, तर शास्त्रज्ञ निरोगी माणसांना आठवडेच्या आठवडे पलंगावर झोपवून ठेवतात, डोकं सहा अंश खाली करून. जर्मनीतल्या कोलोनमध्ये २०१९ मध्ये काही जण असे सलग ६० दिवस झोपून होते. जेवण, आंघोळ, सगळं आडवं राहूनच. का? कारण अंथरुणाला खिळलेल्या शरीरात आणि तरंगणाऱ्या शरीरात बरेचसे बदल सारखेच होतात.

आता घरातली आजी आठवा. मोरीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मग प्रेमापोटी सगळे म्हणतात, 'उठू नका, पडून राहा, आराम करा.' आजी दोन महिने पडून राहते आणि नंतर उठायला गेली की पाय साथ देत नाहीत, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. लोक म्हणतात, वय झालं. वयाचा वाटा असतोच. पण मोठा वाटा न पडलेल्या भाराचाही असतो.

म्हणून आजकाल बरेच डॉक्टर ऑपरेशननंतर लवकरात लवकर रुग्णाला उभं करायला सांगतात. घरात कुणी अंथरुणावर असेल, तर डॉक्टरांना हे दोन प्रश्न जरूर विचारा: यांना बसवायचं कधी आणि उभं कधी करायचं? पडल्यापडल्या कोणता व्यायाम चालेल? फिजिओथेरपिस्टला बोलावणं हा वायफळ खर्च नाही. अंतराळवीर रोज दोन तास घाम गाळून जे वाचवतात, तेच तो वाचवत असतो.

थोडक्यात

वजनरहित अवस्थेत शरीर बिघडत नाही, ते नव्या जागेशी जुळवून घेतं. जिथे भार नाही तिथे जड हाडं, मजबूत पोटऱ्या आणि जास्त रक्त सांभाळण्याची गरज त्याला वाटत नाही. बहुतेक बदल परतल्यावर भरून निघतात, हाडांना सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि कधी ती पूर्ण भरत नाहीत. पाय, पाठ आणि हाडं वापरात राहिली तरच टिकतात, हा नियम ४०० किलोमीटर वर जेवढा लागू आहे, तेवढाच घरातल्या पलंगावरही.